राजपुत्राने आघाडीवर जावे का? वादविवादात बाजू निवडण्यापूर्वी

‘राजघराण्यातील व्यक्तींनी प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात सेवा बजावलीच पाहिजे’ असा विषय एका वादविवाद स्पर्धेसाठी आला असून अनुकूल आणि प्रतिकूल यांपैकी कोणती बाजू घ्यायची, हे स्पर्धकावर सोडलेले आहे. माझ्याकडे तयारीसाठी येणारी एक विद्यार्थिनी गेल्या रविवारी भाषणाचा पहिला खर्डा घेऊन आली. चार पाने होती आणि त्यांपैकी साडेतीन पानांत तलवारी तळपत होत्या. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा रोज पाहत मोठ्या झालेल्या मुलीने असे लिहावे यात नवल नाही आणि कोल्हापुरातल्या सभागृहात अशा वाक्यांना टाळ्याही हमखास पडतात. परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली असल्याने एवढे सांगू शकतो की, गुणपत्रिकेवर टाळ्यांसाठी रकाना नसतो. म्हणून दोन्ही बाजूंना उपलब्ध असलेली उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून, कोणते किती भार पेलते ते येथे पाहिले आहे.

राजपुत्र शूर होता की भित्रा, या वादात शिरण्याचे कारण नाही. पुढे दिलेल्यांपैकी भित्रा कोणीच नव्हता. त्याच्या तेथे असण्याने शेजारच्या शिपायाचा धोका वाढला की तेवढाच राहिला, हे मात्र प्रत्येक उदाहरणाला विचारून पाहावे.

अनुकूल बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील १९८२ च्या फॉकलंड युद्धाचे आहे. राणी एलिझाबेथ यांचे दुसरे पुत्र अँड्र्यू तेव्हा २२ वर्षांचे होते आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू नौकेवर सी किंग हेलिकॉप्टरचे वैमानिक होते. गादीच्या वारसाक्रमात त्यांचा क्रमांक त्या वेळी दुसरा होता, कारण थोरले बंधू चार्ल्स यांचे पुत्र विल्यम यांचा जन्म २१ जून १९८२ चा, म्हणजे अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करल्यानंतर आठवड्याभराने झालेला. मंत्रिमंडळातील काहींना त्यांना मागे, कार्यालयीन कामावर ठेवावेसे वाटत होते. राणींनी मात्र ते आपल्या नौकेबरोबरच जातील अशी भूमिका घेतली. तेथे पाणबुड्यांचा शोध घेण्याबरोबरच त्यांच्या हेलिकॉप्टरकडे आणखी एक काम होते. शत्रूचे एक्झोसेट क्षेपणास्त्र नौकेकडे झेपावले तर त्याच्या रडारला हेलिकॉप्टर हेच लक्ष्य वाटावे अशा बेताने हवेत राहायचे आणि क्षेपणास्त्र आपल्याकडे ओढून घ्यायचे. हा धोका कागदावरचा नव्हता, कारण २५ मे रोजी याच क्षेपणास्त्रांनी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे मालवाहू जहाज पेटवले.

हे वाचताना कोल्हापूरच्या माणसाला पन्हाळा आठवल्यावाचून राहत नाही. १६६० च्या आषाढात, सिद्दी जौहरचा वेढा चार महिने आवळलेला असताना, भर पावसाच्या रात्री महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले आणि दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेश करून शिवा काशीद बसला. तो पकडला गेला, ओळखला गेला आणि मारला गेला. गडावर त्याचा पुतळा आहे. तेथे उभे राहून ती दुसरी पालखी क्षणभर डोळ्यांपुढे आणावी: बाहेर चिखल, भोयांच्या पायांचे आवाज, आणि आत बसलेल्या माणसाला, आपण पकडले जाण्यातच या कामाचे यश आहे, हे पक्के ठाऊक. पन्हाळ्यावर राजासाठी प्रजेतला माणूस हूल देणारा झाला. फॉकलंडच्या समुद्रावर नौकेवरच्या शेकडो खलाशांसाठी राणीचा मुलगा हूल देणारा झाला. अनुकूल बाजू घेणाऱ्याने ही दोन चित्रे एकामागोमाग मांडावीत आणि मध्ये एकही विशेषण घालू नये. त्यात महाराजांना कमीपणा येत नाही, हेही एका वाक्यात सांगून टाकावे. अवघे स्वराज्य ज्या एका माणसावर उभे होते त्याचे वाचणे आणि पुढे दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या वारसाचे वाचणे, यांचे मोल सारखे नव्हे. फॉकलंडचे आणखी एक बळ असे की विमानवाहू नौका हे शत्रूचे पहिले लक्ष्य असतेच. तिच्यावर राजपुत्र असल्याने खलाशांचा धोका फारसा वाढत नव्हता. समोरचा वक्ता अँड्र्यू यांची पुढची अप्रतिष्ठा आणि २०२२ मध्ये काढून घेतलेली मानद लष्करी पदे यांचा विषय काढणारच; त्याला इतकेच उत्तर पुरे की आज चर्चा चारित्र्याची नसून नेमणुकीची आहे.

प्रतिकूल बाजूने याच्या शेजारी विल्यम यांचे धाकटे बंधू हॅरी यांची २००७-०८ ची नेमणूक ठेवावी. प्रथम त्यांची तुकडी इराकला निघणार होती. मे २००७ मध्ये लष्करप्रमुख जनरल रिचर्ड डॅनट यांनी ते जाणार नाहीत असे जाहीर केले, कारण त्यांना हेरून मारण्याच्या नेमक्या धमक्या होत्या आणि त्यांच्याबरोबरच्या जवानांनाही त्याची झळ बसली असती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच जनरलांच्या संमतीने हॅरी गुपचूप अफगाणिस्तानातील हेल्मंड प्रांतात पोहोचले. विमानांना जमिनीवरून लक्ष्य दाखवून देणे हे त्यांचे काम होते. ब्रिटिश वृत्तपत्रांनी संरक्षण मंत्रालयाशी समझोता करून बातमी दाबून ठेवली. अखेर फेब्रुवारी २००८ च्या शेवटी ती एका अमेरिकी संकेतस्थळाने सर्वदूर केली आणि सुमारे दहा आठवड्यांनंतर त्यांना तातडीने परत आणावे लागले. येथे विमानवाहू नौका नाही. छोटी ठाणी आहेत, मोजके जवान आहेत, आणि त्यांत कोण आहे हे शत्रूला कळल्याक्षणी त्या ठाण्याची किंमत बदलते. प्रतिकूल वक्त्याने पुढचा प्रश्न निर्भीडपणे विचारावा: ज्या नेमणुकीसाठी संपूर्ण देशाच्या वृत्तपत्रांना गप्प बसवावे लागते आणि जी उघड होताच मोडते, ती इतर सैनिकांसारखी सेवा कशी म्हणायची? शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत घरटी कोणी ना कोणी लष्करात आहे. तेथल्या एखाद्या जवानाची नेमणूक कळली म्हणून त्याला कोणी विमानाने घरी आणत नाही.

हॅरी यांची दुसरी नेमणूक, सप्टेंबर २०१२ ते जानेवारी २०१३, दोन्ही बाजूंना थोडी थोडी उपयोगी पडते आणि म्हणूनच कोणालाच पुरी पडत नाही. या वेळी ते अपाची हेलिकॉप्टरचे सहवैमानिक आणि गनर होते, नेमणूक जाहीर होती आणि ती पूर्णही झाली. मात्र ते पोहोचल्यानंतर आठवड्याभरातच, १४ सप्टेंबरच्या रात्री हेल्मंडमधील कॅम्प बॅस्टियन या लष्करी तळावर तालिबानचा हल्ला झाला, त्यात दोन अमेरिकी मरीन ठार झाले आणि सहा हॅरियर विमाने नष्ट झाली. हल्ला हॅरी यांच्यामुळेच झाला असे ठामपणे म्हणणारा वक्ता खंडनात सापडेल; तो तळ मोठा होता आणि त्यांच्याशिवायही शत्रूच्या डोळ्यांत सलत होता.

आता प्रतिकूल बाजूचा खरा हुकमी मुद्दा, जो बहुतेक स्पर्धक विसरतात. राजपुत्र मारला जाण्यापेक्षा जिवंत पकडला जाणे अधिक महागात पडते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे युवराज एडवर्ड आघाडीवर जाण्यासाठी हटून बसले, तेव्हा युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी नकार दिला तो याच भीतीने. कोल्हापूरकराला हे समजण्यासाठी लंडनपर्यंत जायला नको. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा संभाजीराजांचे पुत्र शाहू येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागले आणि १८ वर्षे कैदेत राहिले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये त्यांची सुटका झाली. मोगलांनी ती दयेपोटी केली नव्हती; मराठ्यांत दोन वारस उभे राहावेत हा हिशेब त्यामागे होता आणि तो अचूक ठरला. एकीकडे शाहू, दुसरीकडे ताराराणी, १७१० च्या सुमारास पन्हाळ्यावर वेगळी गादी आणि अखेर या दोन गाद्यांच्या हद्दी ठरवणारा १७३१ चा वारणेचा तह. करवीरची गादी ज्या कलहातून जन्मली, त्याची एक कळ शत्रूच्या तुरुंगात होती. हा मुद्दा मांडताना प्रामाणिकपणा मात्र सोडू नये. शाहू लढायला गेले नव्हते, सात वर्षांचे मूल होते. समोरचा हुशार असेल तर तो नेमके हेच बोट ठेवील, म्हणून ते आपणच आधी सांगावे.

विश्वासरावांचे उदाहरण मी विद्यार्थिनीला खर्ड्यातून काढायला लावले. पेशवे घराण्याचा वारस, विशीही न गाठलेला, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर गोळी लागून पडला. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. वारसाच्या मरणाने लढाई कशी फिरते याचा हा पुरावा खरा, पण पानिपताचा उच्चार झाला की सभागृह हळवे होते आणि वक्ता स्वतःही विषयावरून घसरतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सहा मिनिटांच्या भाषणात ही जोखीम घेऊ नये.

त्याऐवजी अनुकूल बाजूने जयपूरचे भवानी सिंह घ्यावेत. १९७० मध्ये वडिलांच्या निधनानंतर ते महाराजा झाले होते आणि १९७१ च्या डिसेंबरात १० पॅरा कमांडोचे लेफ्टनंट कर्नल म्हणून त्यांनी पाकिस्तानातील सिंधमध्ये सुमारे ७०-८० किलोमीटर आत घुसून छाछरोवरच्या छाप्याचे नेतृत्व केले. त्यांना महावीर चक्र मिळाले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला २६ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि संस्थानिकांची मान्यता व तनखे संपले. महाराजा म्हणून गेलेला माणूस सीमेवरून परतून महिना उलटण्याच्या आत कायद्याच्या दृष्टीने केवळ एक फौजी अधिकारी उरला. परीक्षकांना हा तपशील सहसा ठाऊक नसतो. त्यातली तर्काची बाजू अशी की, तेव्हा संस्थानिकाला ओलीस धरून शत्रूला दिल्लीकडून फारसे काही उकळता आले नसते, त्यामुळे किचनर यांची भीती येथे लागू पडत नाही. प्रतिकूल वक्ता यावर म्हणेल की हे राजघराण्याचे उदाहरणच नव्हे, लष्करी अधिकाऱ्याचे आहे. म्हणू द्यावे, ते मान्य केले तर राजपुत्रालाही केवळ अधिकारी म्हणून वागवा, ही अनुकूल बाजूचीच मागणी होते.

माझे मत विचाराल तर विषयातला ‘च’ प्रतिकूल वक्त्याला सर्वांत उपयोगाचा आहे. ‘बजावलीच पाहिजे’ हे सिद्ध करायला प्रत्येक नेमणूक समर्थनीय असावी लागते आणि हेल्मंडची गुप्त नेमणूक तो ‘च’ एकटीच मोडते. त्यामुळे तयारीला वेळ कमी असेल आणि खंडनाची सवय असेल, तर प्रतिकूल बाजू घ्यावी. सुरुवात डॅनट यांच्या दोन परस्परविरुद्ध निर्णयांनी करावी आणि वारणेच्या तहावर यावे. आवाजात ठहराव असेल आणि दोन चित्रे शांतपणे उभी करता येत असतील, तर अनुकूल बाजू अधिक रंगते, पण मग हॅरी यांचे नाव स्वतःहून काढू नये. विद्यार्थिनीने अखेर अनुकूल बाजूच घेतली. नव्या खर्ड्यात पहिल्या पानावर पन्हाळ्याची पालखी आहे, दुसऱ्यावर सी किंग हेलिकॉप्टर आहे आणि तलवार एकही नाही. सहा मिनिटांत बसवताना छाछरोची दोन वाक्ये अजून जास्त होत आहेत.