गार्ड पासिंगचा सहा आठवड्यांचा कोर्स: शिकवणं पाच तारे, व्यवस्था अडीच

आठवड्यातून दोन वर्ग, रात्री साडेआठ ते दहा, फी साडेपाच हजार. खेळ ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरची पकडापकडी. विषय एकच: खाली पडलेल्याचे पाय ओलांडून त्याच्या बाजूला कसं पोचायचं. टेकडाउन (उभ्याला खाली पाडणं) नाही, चोक (गळा आवळणं) नाही, आर्मबार (कोपर उलटं ताणणं) नाही. फी भरली तेव्हा नवरा म्हणाला, "एवढ्याचसाठी?" हो, एवढ्याचसाठी. ब्राझिलियन जिउ-जित्सू करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांनी मॅट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला. इथे पाठ टेकलेल्या माणसाकडे अजून दोन पाय असतात आणि ते तो हातांसारखे वापरतो. कंबरेला विळखा घालतो, तुमच्या गुडघ्यामागे हुक लावतो, कंबरेवर तळवा रोवून तुम्हाला लांब ठेवतो. हा गार्ड. त्यात आहात तोवर उलटले जाण्याची नाहीतर ट्रँगलमध्ये, म्हणजे त्याच्या पायांच्या गळफासात, अडकण्याची भीती. तो ओलांडला (याला पास म्हणतात) की स्पर्धेत ३ गुण मिळतात, टेकडाउनचे २. पण पलीकडे गेल्यावर ३ सेकंद टिकावं लागतं, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांचं गाडं तिथेच अडतं.

मी ब्लू बेल्ट (पांढऱ्यानंतरचा पट्टा) आहे, वजन ५६, चाळिशी ओलांडलेली, शाळेत पीटी शिकवते. कॉलेजात कबड्डीत डावा कोपरा खेळायचे. वर्गात बहुतेक मुलं सत्तर-ऐंशी किलोची, आयटीतली. हे सांगायचं कारण पुढे येईल.

पहिल्या आठवड्यात सरांनी एकही पास शिकवला नाही. दोन-तीन जण कुरकुरले. सगळा वेळ ग्रिप सोडवण्यात, पाठ सरळ ठेवण्यात आणि एका गोष्टीत गेला: खालच्याचं कोपर आणि गुडघा एकमेकांजवळ आहेत तोवर कुठलाच पास लागत नाही. त्या दोघांमध्ये आधी काहीतरी घुसवायचं, मग तो हात असो, डोकं असो नाहीतर आपला गुडघा. मी आधी जिथे शिकत होते (शहर वेगळं, नाव सांगत नाही) तिथे दर वर्गाला नवा पास दाखवायचे आणि पुढच्या वर्गाला तो कुणाच्या लक्षात नसायचा. इथे पुढचे पाच आठवडे जे काही शिकवलं ते या एका कोपर-गुडघ्यावर येऊन टेकत होतं.

क्लोज्ड गार्ड (कंबरेभोवती बंद केलेला पायांचा विळखा) बसून उघडायच्या पद्धती दहा मिनिटांत उरकल्या. सरांचा कल सरळ उभं राहण्याकडे. खालच्याची एक बाही त्याच्याच पोटावर दाबून धरायची आणि ज्या बाजूची बाही हातात आहे त्याच बाजूचा पाय आधी उचलायचा, म्हणजे तो हात आपल्या घोट्याला पोचत नाही. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं मला कुणी सांगितली नव्हती. एक हात पायांच्या आत आणि एक बाहेर दिसला की सर लांबून ओरडायचे, "दोन्ही आत, नाहीतर दोन्ही बाहेर!"

नी कटवर दोन वर्ग दिले आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. माझा उजवा गुडघा समोरच्याच्या उजव्या मांडीवरून तिरका जमिनीकडे सरकतो, उजवा हात त्याच्या डाव्या काखेतून खाली, डाव्या हाताने त्याची उजवी बाही वर ओढलेली. व्हिडिओंमध्ये इथवर सगळे दाखवतात. सरांनी वेळ घालवला तो त्या ओढलेल्या बाहीवर. ती सैल पडली की त्याचा उजवा हात आपल्या काखेखालून मागे जातो आणि तो पाठीवर येतो. म्हणून बाही आधी, गुडघा नंतर. मी गुडघा पुढे रेटत होते तेव्हा सर शेजारी उकिडवे बसले. "ताई, घाई काय आहे? त्याचे खांदे सपाट झालेत का बघा. नाही ना? मग गुडघा तिथेच राहू दे." खांदे सपाट झाले, डोकं त्याच्या डोक्याला चिकटलं, आणि त्याच्या मांड्यांत अडकलेला माझा पाय कंबर वळवल्याबरोबर अलगद निघाला. एरवी तो पाय मी खेचत बसते आणि तेवढ्यात पुन्हा हाफ गार्ड, म्हणजे एक पाय त्याच्या पायांत अडकलेलाच. हाफ गार्डला स्पर्धेत पास धरत नाहीत, ही जखमेवर मिठासारखी माहितीही सरांनी तेव्हाच दिली.

टोरिआंडोही चांगला घेतला. दोन्ही गुडघ्यांजवळ पँट धरायची, पाय एकीकडे लोटायचे, आपण दुसरीकडून. पँटच्या मोहरीत बोटं घालून धरणाऱ्यांना लगेच थांबवलं, कारण स्पर्धेत तो फाऊल आहे. लिआंद्रो लो हा पासिंगसाठी गाजलेला खेळाडू, आठ वेळा जगज्जेता, तोही पाच वेगवेगळ्या वजनगटांत. त्याच्या लढती घरी बघून यायला सांगितल्या होत्या. बघितल्या. तसं आपल्याच्याने होत नाही, पण पाय लोटल्यावर तो किती पटकन कंबरेवर वजन टाकतो हे लक्षात येतं.

माझं नाराजीचं प्रकरण ओव्हर-अंडर. एक हात त्याच्या एका मांडीवरून, दुसरा दुसऱ्या मांडीखालून, खांदा कंबरेवर, आणि मग मुंगीच्या गतीने पुढे. बर्नार्डो फारिया या जगज्जेत्याने याच पासवर मोठमोठ्यांना दमवलं, पण तो दणकट माणूस. सरांनी तो स्वतःएवढ्याच मुलावर दाखवला आणि सोडून दिला. हलक्या वजनाच्या माणसाने काय करायचं, हे मी विचारेपर्यंत आलंच नाही. विचारल्यावर मात्र वर्ग संपल्यावर वीस मिनिटं थांबून लेग ड्रॅग दाखवला: घोटा धरून पाय आपल्या दुसऱ्या बगलेकडे ओढायचा, त्याची मांडी आपल्या कंबरेने दाबायची आणि तो वळायच्या आत छाती टेकायची. घोटा म्हटल्यावर डाव्या कोपऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. सत्तर किलोच्या मुलांवरसुद्धा तो लागतो. हे वर्गातच सगळ्यांना दाखवायला हवं होतं, हलके लोक आम्ही चार-पाच जण होतो.

प्रत्येक वर्गाची शेवटची पंचवीस मिनिटं नुसता गार्डपासूनचा खेळ. चार जण मॅटवर आडवे, बाकीचे रांगेत. पास केलात की तुम्ही आडवे व्हायचं, उलटले गेलात की रांगेच्या शेवटी. कुणाशी पडेल सांगता येत नाही, त्यामुळे ओळखीच्या जोडीदारावर जमलेला पास खरंच जमतो का हे त्याच रात्री कळतं.

आता व्यवस्था. मॅटवर पंधरा जणांची जागा, माणसं बावीस. टोरिआंडोच्या दिवशी एकाची टाच दुसऱ्याच्या कानाला. पंखे दोन, त्यातला एक नुसता आवाज करतो. बायकांना कपडे बदलायला जागा म्हणजे ऑफिसच्या मागची खोली, कडी बसत नाही, म्हणून एकीने बाहेर उभं राहायचं. मॅट सकाळी पुसतात, पण संध्याकाळच्या बॅचचा घाम आमच्या बॅचला तसाच मिळतो. पावसाळ्यात गी (सरावाचा जाड सुती पोशाख) वाळत नाही, लोक ओलसर गी घालून येतात आणि मग गजकर्ण. दोघांना झालं. दोन बॅचच्या मध्ये एकदा जंतुनाशकाने पुसायला दहा मिनिटं लागतात, मी स्वतः पुसायची तयारी दाखवली आहे, बघू. ऑफिसातल्या मुलाला पावती मागितली तर "ताई, व्हॉट्सॲप करतो" म्हणाला. अजून केलेली नाही.

व्हाइट बेल्ट घेऊन चार-सहा महिनेही झाले नसतील तर हा कोर्स घेऊ नका, आधी नेहमीच्या बॅचला जा. स्वतःचा गार्ड कसा धरायचा हेच माहीत नसेल तर समोरच्याचा ओलांडून काय समजणार? मानेचा त्रास असलेल्यांनी डबल अंडरच्या (दोन्ही हात खालच्याच्या मांड्यांखालून घालायचा पास) दिवशी सरांना आधी सांगावं, त्यात खालच्याची घडी होते आणि मानेवर भार येतो. ते जोडीदार बदलून देतात.

पुढची बॅच गणपतीनंतर आहे, नो-गी. तिथे बाही नाही, पँट नाही, म्हणजे पकडायला मनगट, घोटा आणि मान एवढंच. मी नाव दिलं आहे. येणार असाल तर स्वतःचा टॉवेल आणा आणि नखं कापून या, वाढलेली असतील तर सर दारातूनच परत पाठवतात.