ओटावातील सीलचे हातमोजे: माल उत्तम, शिक्का अपुरा

कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, पारा उणे 25 च्या खाली गेला की दुकानातले महागडे कृत्रिम धाग्याचे हातमोजे अर्ध्या तासात निरुपयोगी होतात. इथे नऊ हिवाळे काढल्यावर हे मान्य करून गेल्या नोव्हेंबरात एका हस्तकला बाजारातून मी सील या सागरी प्राण्याच्या कातड्याचे हातमोजे 290 डॉलरना विकत घेतले. हा अभिप्राय पूर्ण हिवाळाभर वापर केल्यानंतरचा आहे. त्यात हातमोज्यांबरोबरच कॅनडा सरकार या व्यापाराला जे अर्थसाहाय्य देते त्याबद्दलही लिहीत आहे, कारण ते बाजूला ठेवले तर या वस्तूची किंमतही कळत नाही आणि तिची टंचाईही.

हातमोजे शिवणाऱ्या बाई साठीपुढच्या इनुक, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवासी इनुइट समाजातल्या. उत्तरेकडील इनुइट प्रदेशाबाहेर या समाजाची सर्वात मोठी वस्ती ओटावातच आहे, त्यामुळे असे कारागीर इथे प्रत्यक्ष भेटतात. कातडे पाठीवर फिकट कड्यांची नक्षी असलेल्या सीलचे, ज्याला इनुइट लोक नात्सिक म्हणतात. केस आखूड, ताठ आणि एकाच दिशेने बसलेले. बोटांच्या टोकाकडे हात फिरवला तर रेशमासारखे लागतात, उलट फिरवला तर टोचतात. बाईंनी दोन्ही पंजांवर केसांची दिशा मनगटाकडून टोकाकडे ठेवली आहे, त्यामुळे हात एकदा झटकला की बर्फ गळून पडतो. तळव्याला वेगळे चामडे, आत जाड लोकरीचे अस्तर, अंगठा स्वतंत्र आणि चार बोटे एकत्र. शिवण बाहेरून जवळजवळ दिसत नाही. पाणी न शिरणाऱ्या बुटांची शिवण कशी घालतात, हेही त्यांनी दाखवले: सुई एका कातड्यातून आरपार जाते, पण दुसऱ्याच्या अर्ध्या जाडीतूनच वळवून घेतात, म्हणजे बाहेरच्या बाजूला छिद्रच पडत नाही. पूर्वी हे काम प्राण्यांच्या स्नायूंपासून काढलेल्या धाग्याने होत असे आणि तो धागा भिजला की फुगून छिद्र बुजवत असे.

उबेच्या बाबतीत काहीही तक्रार नाही. उलट उणे दहाच्या वर हात घामेजतात. ओले झाल्यावर किंचित तेलकट वास येतो, जो मला खटकला नाही, पण घरात इतरांना खटकला. एकदा घाईत मी ते हीटरवर वाळत टाकले आणि डाव्या अंगठ्याजवळचे कातडे कडक झाले, ते आजतागायत पूर्ववत झालेले नाही. चूक माझीच, परंतु वस्तूसोबत निगेच्या दोन ओळी असत्या तर ती टळली असती.

त्याच आठवड्यात शहरातल्या पर्यटकांच्या एका दुकानातही गेलो होतो. तिथे सीलच्या कातड्याची पाकिटे आणि किल्ल्या अडकवायच्या साखळ्या होत्या. कातडे उत्तरेतल्या नुनावुत या इनुइट प्रदेशातल्या नात्सिकचे की पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडच्या व्यापारी शिकारीतल्या हार्प सील या दुसऱ्या जातीचे, हे विक्रेत्याला सांगता आले नाही, आणि पट्टीवर मेपलचे पान व किंमत यांखेरीज काहीही छापलेले नव्हते. दोन्ही माल कॅनडात कायदेशीरच आहेत; तरीही ज्या व्यवसायात मालाच्या मूळ स्थानाचे प्रमाणपत्र हाच सरकारी मदतीचा गाभा आहे, तिथे ग्राहकाला मूळ स्थान कळू नये, हे मला विसंगत वाटते.

ही मदत का सुरू झाली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने अमेरिकेने आपली बाजारपेठ बंद केली, 1983 मध्ये युरोपीय समुदायाने हार्प सीलच्या पांढऱ्या पिलांच्या कातड्यांवर बंदी घातली आणि 1987 मध्ये खुद्द कॅनडाने त्या पिलांची व्यापारी शिकार थांबवली. इनुइट लोक मुख्यतः प्रौढ नात्सिकची, तीही आधी मांसासाठी, शिकार करतात. परंतु भाव कोसळला तो सगळ्याच कातड्यांचा. कातडे विकून आलेल्या पैशांतून शिकारी स्नोमोबाइलचे पेट्रोल आणि काडतुसे घेत असे. ते उत्पन्न गेल्यावर मांस आणण्यासाठी बर्फावर जाणेही परवडेनासे झाले. युरोपीय संघाने 2009 च्या नियमाने सील उत्पादनांच्या विक्रीवरच बंदी घातली आणि त्यात इनुइटांच्या मालाला सूट दिली खरी, पण गिऱ्हाईक ती सूट वाचून खरेदी करत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या पिलाचे चित्रच असते. शिवाय मालाची वाहतूक, कातडी कमावणे आणि लिलाव ही यंत्रणा ज्या मोठ्या व्यापारी शिकारीच्या आधाराने चालत असे, तोच आधार निघून गेला होता. कॅनडा आणि नॉर्वे यांच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेने 2014 मध्ये सार्वजनिक नीतिमत्तेच्या कारणावरून बंदी मान्य केली आणि तिच्या अंमलबजावणीत भेदभाव असल्याचे सांगितले. ग्रीनलंडच्या इनुइटांना जी वाट मोकळी होती ती कॅनडाच्या इनुइटांना प्रत्यक्षात मिळत नव्हती.

त्यानंतर 2015 च्या अर्थसंकल्पात कॅनडाने सील उत्पादनांच्या प्रमाणीकरणासाठी आणि बाजारप्रवेशासाठी पाच वर्षांकरिता 57 लाख डॉलर ठेवले. युरोपात विक्रीसाठी माल इनुइट शिकारीतला आहे असे दाखले देण्याची मान्यता नुनावुत सरकारला 2015 मध्ये आणि शेजारच्या वायव्य प्रदेशांच्या (नॉर्थवेस्ट टेरिटरीज) सरकारला 2017 मध्ये मिळाली. आदिवासी आणि व्यापारी या दोन्ही बाजूंना एकाच योजनेत बसवण्यावर टीका होते. मला मात्र तेवढा भाग बरोबर वाटतो, कारण एकाची गिरणी बंद पडली की दुसऱ्याचे पीठही दळले जात नाही, हे या बाजाराने एकदा दाखवून दिले आहे.

माझी नापसंती प्राधान्यक्रमाबद्दल आहे. दाखला आणि जाहिरात हे साखळीचे शेवटचे टोक आहे. नुनावुत सरकार शिकाऱ्यांकडून कातडी थेट विकत घेते, त्यातली काही ऑन्टारियोतील नॉर्थ बे येथील लिलावात जातात आणि काही दक्षिणेत कमावून पुन्हा उत्तरेतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना विकली जातात. रस्त्यांनी न जोडलेल्या प्रदेशात हा जाण्यायेण्याचा खर्च कातड्यावर चढतो आणि माझ्या 290 डॉलरमध्ये तोही आहेच. ज्या गावात सील मारला जातो त्याच गावात त्याचे कातडे हाताने खरडून, ताणून, वाळवण्याचे ज्ञान अजून जिवंत आहे. पण सफाईदार कमावलेल्या मालासाठी ते कातडे हजारो किलोमीटर फिरून येते. कमावण्याची सोय उत्तरेतच उभी राहिली, तर छापील माहितीपत्रकांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल, असे माझे मत आहे.

भारतात जाणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना: हे हातमोजे कोणाला भेट म्हणून नेण्याचा विचार करू नये. भारताने 2018 मध्ये सीलच्या कातड्यांची आयात बंद केली आहे, आणि विमान न्यूअर्कमार्गे असेल तर अमेरिकेच्या सीमेवरच ते जप्त होऊ शकतात. मी मुंबईला निघताना ते कपाटात ठेवून, विमानतळापर्यंत जुन्या लोकरी हातमोज्यांत कुडकुडत गेलो.

परत आल्यावर मुलासाठी दुसरा जोड सांगायला बाईंकडे गेलो. त्यांनी त्याच्या पंजाचे माप कागदावर पेन्सिलीने काढून घेतले आणि आगाऊ रक्कम मात्र घेतली नाही. कातडी कमावण्यासाठी दक्षिणेत गेली आहेत, ती एप्रिलपूर्वी येण्याची शक्यता नाही, आणि तोवर थंडी संपलेली असेल, असे त्या म्हणाल्या. माप पुढच्या वर्षापर्यंत वाढेल म्हणून त्यांनी कागदावरच्या रेषेबाहेर बोटभर अंतरावर दुसरी रेष ओढून ठेवली आहे.