माया सोडली आणि माया सोडली नाही

नावावर कोटी करून, तिच्या दोन-चार ओळी बांधून, त्या हाताने लिहून चौकटीत बसवून देणाऱ्या या सेवेकडे मी आतापर्यंत दोनदा काम दिलं. पहिल्यांदा मावशीसाठी, दुसऱ्यांदा धाकट्या भावासाठी. दोन्ही वेळा शेवटी हातात आलं ते मनासारखं होतं. मधे जे अडलं तेही लिहिते, कारण पुढच्या माणसाला त्याचाच जास्त उपयोग.

आधी हा विषय मला इतका जिव्हाळ्याचा का, ते सांगते. माझं नाव क्षमा. "क्षमा असावी", "क्षमा मागतो हं", "क्षमा, क्षमा कर" हे मी कळायला लागल्यापासून ऐकतेय, आणि प्रत्येक जण ते आत्ताच सुचल्यासारखं म्हणतो. राग येत नाही, पण हसूही येत नाही. दोन कोट्या मात्र मी जपून ठेवल्यात. एकदा तापामुळे माझी शाळा बुडली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने सांगितलं की हजेरी घेताना बाई म्हणाल्या, "आज वर्गात क्षमा नाही, तेव्हा दंगा करताना विचार करा." ती कोटी फक्त त्याच दिवशी होऊ शकत होती. मी खरंच नव्हते आणि वर्ग खरंच दंगा करत होता. दुसरी आजोबांची. त्यांनी मला कोश उघडून दाखवलं की संस्कृतात क्षमा म्हणजे पृथ्वीसुद्धा. "सगळ्यांना उभं राहायला जागा देणारी," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी वहीवर नाव जरा मोठ्या अक्षरात लिहायला लागले.

म्हणून या लोकांचा फॉर्म भरताना चौथ्या प्रश्नाशी मी थांबलेच. पहिले तीन नेहमीचे: नाव, वय, काम. चौथा असा: "या नावावरून त्यांनी लहानपणापासून काय काय ऐकलं आहे? ते आम्ही वापरणार नाही." नाव माणसाने स्वतः निवडलेलं नसतं, त्यावरचे विनोद मात्र त्याने जन्मभर ऐकायचे असतात. हे ज्याला कळलंय त्यानेच हा प्रश्न लिहिला असणार. मला वाटतं या सेवेचं निम्मं मोल या एका प्रश्नात आहे.

नाव देवनागरीतच लिहा, असाही त्यांचा आग्रह आहे. तो किती बरोबर आहे हे मी दुसरीकडे पोळल्यामुळे सांगू शकते. काही वर्षांपूर्वी माझ्या ताईसाठी एका वेगळ्या संकेतस्थळावरून असंच कार्ड मागवलं होतं. तिथे नाव रोमन अक्षरांत भरायचं होतं आणि पुढचं सगळं यंत्र करायचं. ताईचं नाव वीणा. छापून आलं "विना". वर सोनेरी अक्षरांत "विना, तुझ्या सुरांनी घर भरलं". विना म्हणजे शिवाय, वाचून. जिच्या नावात वाद्य आहे तिला आम्ही जाहीरपणे 'शिवाय' म्हणून मोकळे झालो. कळवल्यावर त्यांनी उत्तर दिलं की उच्चार तर तोच आहे. उच्चारही तो नाही आणि अर्थ तर मुळीच नाही. ते कार्ड ताईला दिलंच नाही. नावाच्या खेळात एक वेलांटी म्हणजे अख्खं माणूस असतं.

आता मावशीचं काम. तिचं नाव माया. 'आधीच ऐकलेलं'च्या रकान्यात मी "मोहमाया" आणि "सगळी माया आहे" असं स्पष्ट लिहिलं होतं. तरी पहिल्या खेपेला जे तीन मसुदे आले त्यातल्या एकात "मायाजाल" होतं. शब्द वेगळा, खोडी तीच. दुसऱ्यात "मायाळू माया". याला मी कोटी म्हणत नाही. नावाचा अर्थ पुन्हा सांगितला, एवढंच. तिसऱ्यात त्यांनी नाव तोडलं होतं: "मा, या!" म्हणजे पोरं आईला हाका मारतायत. कल्पना गोड, पण आमच्या घरात कुणी कुणाला 'मा' म्हणत नाही, आणि मावशीला तर सगळे 'अगं मावशी' म्हणतात, 'या' म्हणणार कोण?

नाव तोडण्याबद्दल माझं एक मत आहे. व्याकरणाच्या तासाला आपण श्लेष शिकतो: शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष, तोडून निघाले तर सभंग. 'मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही' यातला मित्र सूर्यही आहे आणि सखाही, आणि शब्द अखंड राहतो. 'श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी' यात तोच शब्द तोडला की होकाराचा नकार होतो. दोन्ही सुंदर आहेत. पण माणसाच्या नावाच्या बाबतीत तोडणं फार जपून करावं. 'सुमन' तोडलं तर 'सु-मन' मिळतं, फूल होतं ते चांगलं मन होतं, म्हणजे तोडून नाव वाढतं. बहुतेक नावं तोडली की नुसते तुकडे हातात येतात, आणि ज्याचं नाव आहे त्याला ते तुकडे दिसतात. फॉर्ममध्ये 'अखंड की तोडून?' असा पर्याय आहे. मी सगळ्यांना सांगेन, आधी अखंडच मागा.

तिन्ही मसुदे मी परत पाठवले. माझी तयारी वादाची होती, पण त्यांच्याकडून फोन आला आणि पलीकडच्या बाईंनी वाद घातलाच नाही. त्या म्हणाल्या, "कामाच्या रकान्यात तुम्ही फक्त 'शिवणकाम' लिहिलंय. मशीनवर बसल्यावर तुमची मावशी काय करते ते मला सांगता का? सावकाश सांगा."

मी सांगायला लागले. मावशी आम्हा भाचरांचे कपडे शिवायची. माप घेताना टेप गळ्यात, खडू कानामागे. कापड कापताना ती बाजूच्या शिवणींना आणि खालच्या घेराला चांगलं दोन-दोन बोटं जास्त ठेवायची. पोरं वाढतात, कपडे वाढत नाहीत, असं तिचं म्हणणं. वर्षभराने तोच गणवेश घेऊन बसायची, ब्लेडच्या टोकाने जुने टाके उसवायची, आत दुमडलेलं कापड बाहेर काढायची. ते आतलं कापड नव्यासारखं गडद असायचं, कारण त्याने ऊनही पाहिलेलं नसायचं आणि धुण्याचा दगडही. गडद पट्टीच्या कडेला जुन्या टाक्यांची बारीक भोकं एका ओळीत दिसायची. त्यावर पाण्याचा हबका मारून ती इस्त्री दाबायची, म्हणजे भोकं मिटायची. पट्टी मात्र राहायची. एका झग्यावर माझ्या अशा दोन पट्ट्या होत्या, दोन वर्षांच्या. "दुसरे शिंपी कापड वाचवायला अगदी काठावर शिवतात," मी म्हणाले, "मावशी मात्र भरपूर माया सोडायची."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "काय सोडायची?"

"माया."

आणि तेव्हा मला माझंच वाक्य ऐकू आलं. शिवणीसाठी कडेला जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. शिवणकाम करणाऱ्या घरात हा रोजचा शब्द, 'अर्धा इंच माया सोडून काप' असा. इतकी वर्षं मावशी स्वतःचंच नाव प्रत्येक कपड्याच्या आत दुमडून ठेवत होती आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

दोन दिवसांनी ओळी आल्या:

आयुष्यभर प्रत्येक शिवणीत माया सोडली,
आणि कुणावरची माया कधी सोडली नाही.

यापेक्षा जास्त मला काही नको होतं. क्रियापद एकच, नाम एकच, आणि दोन्ही ओळींचा अर्थ एकमेकांच्या उलट जाऊन पुन्हा एकाच बाईपाशी येतो. हे दुसऱ्या कुठल्या मायाला चालणार नाही. वर सांगितलेल्या शाळेतल्या बाईंच्या कोटीसारखंच, नाव आणि माणूस दोघं हजर असल्याशिवाय ती होतच नाही. आणि हे त्यांना यंत्रातून मिळालेलं नाही, ऐकून घेतल्याने मिळालं.

मग पुन्हा एक अडचण. लिहिण्याआधी ते मांडणीचा नमुना पाठवतात. त्यात पहिली ओळ मोठ्या, ठसठशीत अक्षरांत होती आणि दुसरी खाली बारीक. लांबून पाहिलं तर भिंतीवर एवढंच दिसणार: आयुष्यभर माया सोडली. म्हणजे जिने कुणाला अंतर दिलं नाही तिच्यावर सगळ्यांना सोडल्याचा आळ. मी कळवल्यावर त्यांनी लगेच दोन्ही ओळी सारख्या आकाराच्या केल्या, पण हे मी सांगायला नको होतं. कोटीत दोन अर्थ असतात तेव्हा मांडणी करणाऱ्याने दोन्ही वाचून मगच बोरू उचलावा. नमुना आला की घाईने 'ठीक आहे' म्हणू नका, चार पावलं मागे जाऊन बघा.

भावाचं काम थोडक्यात सांगते, कारण ते सरळ झालं. त्याला पुस्तकांवर उठवायला नावाचा शिक्का हवा होता. इथे ते 'नात्यातून नाव' असाही एक प्रकार करतात. मला तो फार आवडला, कारण तो आपल्या कवींचाच मार्ग आहे. 1912 साली जन्मलेल्या शिरवाडकरांचं पाळण्यातलं नाव गजानन, दत्तक गेल्यावर विष्णु वामन, आणि स्वतः घेतलेलं तिसरं नाव बहिणीवरून: कुसुमचा अग्रज म्हणून कुसुमाग्रज. राम गणेश गडकरी कविता लिहिताना धाकट्या भावाच्या नावाने गोविंदाग्रज झाले. कृष्णाजी केशव दामले वडिलांच्या नावाने केशवसुत. आपलं नाव बाजूला ठेवून जवळच्या माणसाच्या नावावर उभं राहायचं, यातला जिव्हाळा मला कुठल्याही चतुराईपेक्षा मोठा वाटतो. माझा भाऊ माझ्यापेक्षा धाकटा, म्हणून त्याचा शिक्का आला 'क्षमानुज'. क्षमा अधिक अनुज. मी हे सुचवलंही नव्हतं, फॉर्ममध्ये 'मोठी बहीण: क्षमा' एवढंच होतं. भाऊ काही बोलला नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा त्याच्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईत माझं नाव होतं, त्याच्या नावात मिसळलेलं.

आडनावावर ते कोटी करत नाहीत. मैत्रिणीसाठी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ नाही सांगितलं. सुरुवातीला मला हे कडक वाटलं, कारण मराठी आडनावांत केवढी तरी गंमत दडलेली आहे. पण विचार केल्यावर पटलं. आडनावातून गाव, धंदा, जात असं बरंच काही डोकावतं, आणि तिथे मारलेला बाण एका माणसाला लागून थांबत नाही, घरभर लागतो.

तक्रारी दोन. आठ दिवस सांगून पहिलं काम अकराव्या दिवशी आलं, आणि उशीर होतोय हे मला विचारावं लागलं. ज्यांना वाढदिवसाची तारीख गाठायची आहे त्यांनी हाताशी पंधरा दिवस ठेवा. दुसरं, फॉर्ममधला माणसाबद्दल लिहायचा रकाना फारच आखूड आहे. माझं काम फोनमुळे निभावलं. फोन आला नसता तर मी 'मायाळू माया' घेऊन गप्प बसले असते. तेव्हा रकाना भरला तरी खाली 'फोनवर बोलायचं आहे' असं आवर्जून लिहा, ते करतात.

अक्षर उत्तम आहे. बोरूने लिहिलेलं, जाड-बारीक फरक स्वच्छ, 'या'चा काना सरळसोट खाली उतरलेला. शाई कुठे फुटलेली नाही.

चौकट मावशीच्या हातात दिली तेव्हा तिने चष्मा शोधला, दोन्ही ओळी मनात वाचल्या, मग ओठ हलवत पुन्हा वाचल्या. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग तिने चौकट उजेडाकडे धरली आणि कडेवरून अंगठा फिरवत नेला. वरच्या ओळीची वेलांटी चौकटीच्या लाकडाला जवळजवळ टेकली होती. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"लिहिलंय छान गं," ती म्हणाली, "पण कागद कापताना माया कमी सोडली त्यांनी."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना हे जसंच्या तसं कळवलं आणि त्यांनी कागद बदलून दिला. तरी तुम्ही काम देताना आधीच सांगून ठेवा: चारी बाजूंनी दोन बोटं माया सोडा.