स्क्रीनवर दिसलेले ४९,९९० रुपये

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. चार-पाच दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचं काम घरूनच करते, त्यामुळे कॉम्प्युटर बिघडला की सगळंच अडतं. गेल्या पावसाळ्यात तो बिघडला. कोपऱ्यात सारखी ‘व्हायरस सापडला’ अशी पाटी यायची, ब्राउझरचं पहिलं पान आपोआप बदलायचं. काढून टाकलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. रिटर्न भरायची तारीख तोंडावर आली, तेव्हा मी नेटवर हेल्पलाइनचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर दिसला तोच लावला. ती जाहिरात आहे, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. “ताई, घाबरू नका.” त्याने मला एनीडेस्क, म्हणजे दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप, घ्यायला लावलं आणि विंडोजच्या कामकाजाच्या नोंदी दाखवणारं इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. म्हणाला, हे सगळे हॅकर. माझे हातपाय गार पडले. तसल्या नोंदी धडधाकट विंडोजमध्येही असतात, हे मला आता कळलंय. ४,९९९ रुपये भरले, पाट्या थांबल्या. त्याने फक्त ब्राउझरच्या नोटिफिकेशन बंद केल्या होत्या.

मोठा घाव महिन्याभराने बसला. “कंपनी ही सेवा बंद करतेय, तुमचे पैसे परत द्यायचेत,” असा फोन आला. पुन्हा एनीडेस्क. त्याने मला नेट बँकिंग उघडायला लावलं, स्क्रीन मिनिटभर काळी झाली आणि नंतर बघते तर खात्यात ४९,९९० रुपये जमा! तो रडकुंडीला आला. “ताई, चुकून एक शून्य जास्त पडलं. माझी नोकरी जाईल हो.” दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे राहू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मोबाइलवर जमेचा मेसेज आला नव्हता, ते मी त्याला बोललेही. “सर्व्हर स्लो आहे,” म्हणाला. मी ४४,९९१ रुपये पाठवून दिले.

जमा काहीच झालं नव्हतं. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा कुठलाही आकडा ‘इन्स्पेक्ट’ या ब्राउझरच्याच सोयीत जाऊन बदलता येतो. बँकेतल्या खात्याला त्याचा धक्काही लागत नाही, बदल फक्त आपल्या स्क्रीनवर दिसतो. भाच्याने माझ्यासमोर माझीच शिल्लक दहा लाख करून दाखवली, तेव्हा मला रडू आलं. जमेचा मेसेज येईपर्यंत किंवा मोबाइलवरच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघेपर्यंत मी थांबले असते, तर पैसे वाचले असते.

मग भाच्याने कॉम्प्युटर साफ करायला घेतला. आधी इंटरनेट तोडलं. मग डिफेंडर या विंडोजमधल्याच अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन लावलं. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलं काही सापडायची शक्यता वाढते. मूळ होतं मीच उतरवून घेतलेल्या एका क्रॅक, म्हणजे चोरीच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये. त्या सॉफ्टवेअरने टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत, एक नोंद करून ठेवली होती, म्हणून काढलेलं रोज परत येत होतं. पण परक्या माणसाने दोनदा आत शिरून काय ठेवलंय याचा भरवसा नाही, म्हणून भाच्याने फाइली काढून घेऊन विंडोज नव्यानेच टाकलं. पासवर्ड मी कॉम्प्युटरवरून न बदलता मोबाइलवरून बदलले. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर बॉट, म्हणजे कॉम्प्युटर परक्याच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम, काढायची साधनं फुकट मिळतात, हेही त्याच्याकडूनच कळलं. मी ४,९९९ मोजले होते.

लाजेपायी मी दोन दिवस घरात कोणालाच काही सांगितलं नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. लगेच कळवलं तर रक्कम वाटेतच गोठवता येते. म्हणून कळवळून सांगते, घरच्यांना काय वाटेल ते वाटू दे, आधी १९३० लावा. पैसे मी स्वतःच पाठवल्यामुळे बँकेकडूनही काही मिळालं नाही. तक्रार सायबर पोलिसांकडे आहे. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंना तसाच फोन आला, “ताई, घाबरू नका.” त्यांनी मला हाक मारली आणि फोन ठेवून दिला.