खिशातल्या फोनवर आगगाडी: डीसीसी-ईएक्स आणि इंजिन ड्रायव्हर, वर्षभर वापरल्यावर

मालवणला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन कुडाळ, तीसेक किलोमीटरवर. गाड्यांचं वेड असलेल्याने एक तर कुडाळच्या फलाटावर जाऊन बसावं, नाही तर घरातच रूळ टाकावेत. मी दुसरा मार्ग धरला. माडीवर मॉडेल रेल्वेचा एचओ स्केलचा लेआउट आहे, म्हणजे माप १:८७ आणि दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. कोकण रेल्वेसारखा एकेरी मार्ग, मध्ये क्रॉसिंगसाठी लूप असलेलं स्टेशन, एका बाजूला छोटं यार्ड, दुसऱ्या बाजूला बोगदा. इंजिनं डिझेलच, २०२२ साली पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं, पण माझ्या माडीवर तारा ओढायचा विचार नाही.

गेल्या गणपतीनंतर हा लेआउट फोनवर चालवायला लागलो. आता मध्ये एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा गेला आहे, म्हणून लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं.

ज्यांना डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: जुन्या पद्धतीत रुळांतलं व्होल्टेज कमी-जास्त करून गाडीचा वेग ठरतो, त्यामुळे एका रुळावरची सगळी इंजिनं एकत्रच पळतात. डीसीसीमध्ये रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतं आणि त्याच विजेत दिशा उलटसुलट करून संदेश मिसळलेला असतो. ‘एक’ या बिटचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा, ‘शून्य’चा १०० किंवा त्याहून मोठा. प्रत्येक इंजिनात डिकोडर असतो. तो आपला नंबर ऐकला की तेवढाच हुकूम पाळतो. जर्मनीतल्या लेन्झ यांच्या कामावरून अमेरिकेच्या एनएमआरए या संस्थेने हे मानक केलं, म्हणून एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलवर चालतं. फोन या साखळीत शेवटी येतो आणि तो रुळांशी थेट बोलत नाही. तो वायफायवरून कमांड स्टेशनशी, म्हणजे रुळांवर हुकूम सोडणाऱ्या डब्याशी बोलतो, पुढचं ते बघतं.

कमांड स्टेशनसाठी दोन पर्याय समोर होते. एक रोको कंपनीचं झेड२१. तयार डबा, देखणं अ‍ॅप, डोक्याला ताप कमी. घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. पांढऱ्या ‘झेड२१ स्टार्ट’ला राउटरवरून फोन जोडायचा तर अनलॉक कोड वेगळा घ्यावा लागतो. आणि या डब्याचा मूळ पत्ता १९२.१६८.०.१११ असतो. आपल्याकडचे बरेचसे घरगुती राउटर १९२.१६८.१ या मालिकेत असतात, त्यामुळे घरच्या वायफायला जोडला की फोनला तो दिसतच नाही. एका बाजूचा पत्ता बदलावा लागतो, नाही तर त्याला स्वतःचा राउटर द्यावा लागतो.

दुसरा पर्याय डीसीसी-ईएक्स, म्हणजे सुटे भाग जोडून घरीच बनवायचं कमांड स्टेशन, आणि मी तोच घेतला. अर्डुइनो मेगा बोर्ड, त्यावर रुळांना वीज सोडणारी मोटर शील्ड, वायफायसाठी ईएसपी८२६६ चिपचा बोर्ड आणि लॅपटॉपचा असतो तसला अडॅप्टर. सॉफ्टवेअर फुकट, आणि ते बोर्डात भरायला इन्स्टॉलर मिळतो, कोड लिहावा लागत नाही. सगळं सामान ज्या पैशांत आलं त्यात आवाजाचा डिकोडर बसवलेलं एक बरं इंजिनही आलं नसतं. जोडताना एका जागी मात्र जपा. मोटर शील्डला वेगळा वीजपुरवठा देणार असाल तर तिची व्हीआयएनची पिन मेगापासून तोडावी किंवा वाकवून बाहेर काढावी लागते, नाही तर रुळांचं व्होल्टेज सरळ मेगाच्या रेग्युलेटरवर येतं. शिवाय या शील्डवर दीड-दोन व्होल्ट खाल्ले जातात. रुळांवर १३ हवे असतील तर अडॅप्टर १५ चा धरावा.

वायफायचे दोन मार्ग आहेत. स्टेशनला घरच्या राउटरला जोडा किंवा त्याला स्वतःचं नेटवर्क काढू द्या. मी घरच्या राउटरचा नाद सोडला तो आमच्या भिंतींमुळे. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, राउटर खाली पडवीत आणि लेआउट वर माडीवर. जिन्यातच सिग्नल निम्मा होतो. स्टेशनचं स्वतःचं नेटवर्क लेआउटच्या खालीच असतं, त्यामुळे खोलीभर कुठेही उभे राहा, फरक पडत नाही. त्या नेटवर्कचं नाव डीसीसीईएक्स असं सुरू होतं, पुढे चिपच्या क्रमांकातली शेवटची सहा अक्षरं असतात आणि तीच पासवर्डातही येतात. अ‍ॅपमध्ये पत्ता १९२.१६८.४.१ आणि पोर्ट २५६० एकदा घातला की काम झालं.

इथे बहुतेकांना एक त्रास होतो, त्याचं कारण फोनचा अतिशहाणपणा. या वायफायवर इंटरनेट नसतं. अँड्रॉइडला ते खपत नाही, तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि गाडी ऐकेनाशी होते. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का’ असं विचारलं की हो म्हणा, डेटा बंद करा, आणि त्या अ‍ॅपपुरती बॅटरी वाचवायची सोय काढून टाका. मी तर कपाटात पडलेला जुना फोन सिम काढून याच कामाला लावला आहे. त्याच्यावर ना कोणाचा फोन येतो ना लग्नाच्या ग्रुपवरचे शंभर फोटो.

अ‍ॅप इंजिन ड्रायव्हर, अँड्रॉइडवर फुकट. आयफोनवाल्यांना वायथ्रॉटल आहे. इंजिन ड्रायव्हरही बोलतो त्याच वायथ्रॉटलच्या भाषेत, म्हणून दोन्ही एकाच लेआउटवर शेजारी-शेजारी चालतात. एका पडद्यावर दोन-तीन इंजिनं घेता येतात, दोन इंजिनं जोडून एकत्र चालवता येतात, दिवे, भोंगा, इंजिनाचा आवाज सगळी बटणं समोर. दिसायला अ‍ॅप साधंच आहे, सरकारी वेबसाइटची आठवण व्हावी इतकं. कामाला पक्कं आहे.

खरा फायदा कळतो तो क्रॉसिंगला. पूर्वी कंट्रोलर एका कोपऱ्यात होता आणि सांधे होते दुसऱ्या टोकाला. मालगाडी लूपमध्ये घ्यायची, सांधा बदलायचा, एक्स्प्रेस सोडायची, यासाठी नुसत्या येरझाऱ्या. आता गाडीबरोबर चालत जातो. सुट्टीत भाचा आला की तो त्याच्या फोनवर एक्स्प्रेस घेतो, मी मालगाडी घेऊन लूपमध्ये ताटकळतो. ‘मामा, सिग्नल दे ना’ म्हणून ओरडतो. खऱ्या कोकण रेल्वेवरही एकेरी मार्गावर मालगाडीचं नशीब साधारण असंच असतं. ईएसपी८२६६वर चार-पाच फोन एकदम जोडता येतात, आमच्या घरात त्याहून जास्त उत्साही माणसं नाहीत.

पहिल्यांदा बघायला आई वर आली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला: ‘आणि हो फोन बंद पडलो तर गाडी खंय थांबतली?’ वर्षभरात याहून नेमका प्रश्न कोणी विचारलेला नाही. फोन दर काही सेकंदांनी स्टेशनला आपण जागे असल्याचं कळवत राहतो. तो ठोका चुकला की त्या फोनकडची इंजिनं थांबवली जातात. जेएमआरआयमध्ये (मॉडेल रेल्वेसाठीचं संगणकावरचं सॉफ्टवेअर) ही मुदत मुळात १० सेकंदांची असते, बदलता येते. आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटरची गाडी या मापात सेकंदाला १९ सेंटिमीटर जाते, म्हणजे दहा सेकंदांत जवळजवळ दोन मीटर. माझ्या टेबलावर दोन मीटरमध्ये फलाट, दोन सांधे आणि टेबलाची कड एवढं सगळं येतं. म्हणून कडेला अ‍ॅक्रिलिकची उभी पट्टी लावली आहे, ती सॉफ्टवेअरपेक्षा खात्रीची. (गाड्यांनी रेडिओवरून एकमेकींशी बोलून टक्कर टाळायची यंत्रणा खुद्द कोकण रेल्वेनेच विकसित केली होती. तिथे मुदत अर्थातच इतकी सैल नसणार.)

विजेचं प्रकरण याहून महत्त्वाचं. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते-येते हे गृहीतच धरायचं. मेगा इन्व्हर्टरवर आणि रुळांचा अडॅप्टर साध्या प्लगवर, अशी जोडणी चुकूनही करू नका. लाइट गेली की गाडी थांबते, पण मेगा जागा असतो. प्रत्येक इंजिनाचा शेवटचा वेग त्याच्या लक्षात असतो आणि तो तोच हुकूम पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लाइट परत आली की गाडी विचारल्याशिवाय निघते, तेव्हा कदाचित तुम्ही खाली चहा घेत असता. दोन्ही एकाच बोर्डावर, एकाच स्विचखाली हवेत. मग लाइट गेली की सगळंच झोपतं आणि परत आली की फोनवरून रुळांची वीज मुद्दाम सुरू करेपर्यंत काही हलत नाही. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या विजांच्या दिवसांत तर तो एक स्विच बंद करून प्लगही काढून ठेवायचा.

मध्यंतरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जेएमआरआय बसवलं. इंजिनांची नावं, फोटो, प्रत्येक बटणाला नाव, आणि डिकोडरची सीव्ही, म्हणजे त्याच्या आतली क्रमांकवार सेटिंगं, बदलायला चांगला पडदा, एवढ्यासाठी ते छान आहे. पण अचानक लाइट गेली की पायचं मेमरी कार्ड बिघडण्याचा धोका असतो, आणि सुरू व्हायलाही वेळ लागतो. रोजच्या खेळाला मेगाचं स्वतःचं वायफाय पुरतं. पाय मी फक्त डिकोडरच्या कामाला काढतो.

डिकोडरचं बोलतोच आहे तर, फोनवर चालवणाऱ्याने सीव्ही ३ आणि ४ कडे आधी बघावं. तीन म्हणजे वेग किती सावकाश वाढेल, चार म्हणजे किती सावकाश उतरेल. काचेवरच्या पट्टीला हाताला लागणारं काही नसतं. बोट जरा घसरलं की गाडी उडी मारते. या दोन सीव्ही थोड्या वाढवल्या की इंजिन ती उडी स्वतःच पचवतं. पावसाळ्यात तर बोटं दमट असतात, पडदा भलतीकडे स्पर्श ओळखतो. तेव्हा मी फोनच्या आवाज कमी-जास्त करायच्या बटणांनी वेग बदलतो, अ‍ॅपमध्ये ती सोय आहे. शंटिंगला तर बारा महिने तेच बरं. नजर डब्यांच्या कपलिंगवर ठेवता येते, पडद्यावर नाही. माझ्या मते फोनची सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, आणि कुठल्याही अपडेटने ती भरून येणारी नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतलं ते. वर्षभरात ‘वायफाय गेलं’ म्हणून मी जितक्या वेळा खाली वाकून बघितलं, त्यातल्या बहुतेक वेळा वायफाय ठणठणीत होतं आणि रूळ काळे होते. गाडी अडखळते, दिवा लुकलुकतो, हुकूम पोचत नाही. संशय आधी फोनवर जातो, कारण तो नवा पाहुणा. पण हुकूम शेवटी रुळातूनच जातो, आणि समुद्रावरून येणारी खारी दमट हवा रुळावर थर चढवतेच. रूळ निकेल सिल्व्हरचे असतील तर निभावतं, पितळी रूळ किनाऱ्यावर घेऊच नका. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं वापरा. सँडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. चाकंही तितकीच पुसा. पावसाळ्यात इंजिनं झाकणाच्या डब्यात, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. टेबलाला मरीन प्लाय, कारण साधा प्लाय जुलैत फुगला की रुळांचे सांधे वर येतात.

वायरिंगही याच खात्यातलं. रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांवर विजेसाठी विसंबू नका, दमट हवेत त्या आतून काळ्या पडतात. टेबलाखालून घरगुती वायरिंगची दीड एमएमची वायर फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यातून बारीक वायर डागा. मग लेआउटच्या प्रत्येक भागात दोन रुळांवर नाणं आडवं टाकून बघा. स्टेशनने लगेच वीज तोडली पाहिजे. जिथे तोडत नाही, तिथली जोडणी कमजोर आहे आणि तिथेच उद्या ‘फोन ऐकत नाही’ अशी तक्रार येणार.

घ्यावं का? लेआउट टेबलाएवढाच असेल आणि एकटेच चालवत असाल तर नुसत्या फोनसाठी एवढा खटाटोप कशाला, साधा हातातला कंट्रोलर पुरे. चालत जावं लागेल एवढा लेआउट असेल किंवा घरात दुसरं कोणी चालवणारं असेल तर जरूर घ्या, आणि सोल्डरिंग जमत असेल तर डीसीसी-ईएक्सच घ्या. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे; जाणं होईल तेव्हा मुलांना घेऊन बघून या, म्हणजे घरात किती पसारा झेपेल याचा अंदाज येईल.

माझं पुढचं काम ठरलं आहे. ईएसपी३२ बोर्ड, फिरवायचा नॉब आणि बारा बटणांचा कीपॅड घेऊन घरीच बनवायचा वायटीकंट्रोलर नावाचा एक बिनतारी थ्रॉटल, म्हणजे हातातला कंट्रोलर आहे. तो याच वायफायवर फोनच्या जागी चालतो. कीपॅड येऊन पडलाय, नॉब कुरिअरमध्ये अडकलाय. जमला तर भाच्याला फोन आणि मला नॉब.