टुंडेलचा नरक की दान्तेचा डोंगर?

ख्रिस्ती धर्मातली सात पापं आणि त्यांच्या शिक्षा समजून घ्यायच्या आहेत, पण आधी काय वाचावं, असं एका मैत्रिणीनं विचारलं. टुंडेल या आयरिश सरदाराच्या नरकयात्रेची कथा मार्कस नावाच्या आयरिश भिक्षूनं 1149च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिली. इटालियन कवी दान्तेचं ‘पुर्गातोरिओ’ चौदाव्या शतकातलं; त्यात मेलेल्यांची पापं जिथे धुतली जातात तो डोंगर दान्ते स्वतः चढतो.

मांडणीत दान्ते सरस. सात पापांना सात कडे, आणि शिक्षा पापाला नेमकी जुळणारी: गर्विष्ठ दगडांच्या ओझ्यानं वाकलेले, मत्सरी माणसांचे डोळे लोखंडी तारेनं शिवलेले, आळशी सतत धावणारे. टुंडेलकडे सातांचा असा हिशोब नाही. खुनी वितळतात, लोभी एका अजस्र पशूच्या पोटात जातात.

पण अंगावर येतो तो टुंडेलच. दान्ते बहुतेक ठिकाणी पाहणारा आहे; हा सरदार स्वतः भोगतो. चोरलेली गाय घेऊन त्याला खिळ्यांच्या अरुंद पुलावरून जावं लागतं. इतकं साधं, गावातलं पाप, म्हणूनच मला तो प्रसंग विसरता येत नाही.

लांबीला टुंडेल आटोपशीर, दान्तेचे 33 सर्ग टिपांशिवाय जड जातात.

मध्ययुगीन माणसाची भीती जाणून घ्यायची असेल तर टुंडेल घ्या. पापांची संगती आणि सुटकेची आशा हवी असेल, तर दान्ते.