मुलांच्या हिब्रू वर्गाचा खर्च: परदेशी निधी की घरची वर्गणी?

नव्याचा सण, म्हणजे आपला रोश हशाना, जवळ आला की आपल्या बेने इस्राएलांच्या मशिदीच्या, म्हणजे सिनेगॉगच्या, कमिटीत एक विषय हमखास निघतो, मुलांच्या वर्गाचं काय करायचं? हिब्रू वाचायला शिकवणारा कुणीतरी गाठायचा, दिवाळीच्या सुट्टीत शिबिर घ्यायचं, कोकणात नवगावला फुटलेल्या आपल्या पूर्वजांच्या गलबताच्या पुढचाही इतिहास पोरांना थोडा सांगायचा. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. पैसा कुठून, असं कुणी विचारलं की चहा गार व्हायला लागतो.

मी दोन्ही वाटांनी गेलोय. दोन वर्षं परदेशी निधीवर वर्ग चालवला, आता तिसरं वर्ष घरच्या वर्गणीवर चाललंय. तुमचं गाव, तुमची माणसं वेगळी असतील, तेव्हा माझं ऐका आणि निम्मं सोडून द्या.

आधी परदेशी निधीची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. शिक्षकाचं मानधन ठरल्या तारखेला मिळतं, पुस्तकं छापून येतात, शिबिराला धड बस असते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपल्या पोरांना मुंबई-पुण्याची, अहमदाबादची पोरं भेटतात. ‘शनिवारी तू शाळेत का येत नाहीस’ या प्रश्नाला (शनिवार म्हणजे आपला शब्बाथ, विश्रांतीचा दिवस) जो पोरगा वर्गात एकटाच उत्तर देत असतो, त्याला अशी तीस पोरं एकदम दिसणं काय असतं ते मी पाहिलंय. आणि बाहेरच्या मदतीचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. आपल्याच समाजाच्या हाईम शमुवेल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत सुरू केलेली इस्राएली शाळा लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनच्या मदतीनेच उभी राहिली, पुढे देणगीपायी तिला दानशूर एली कदूरींचं नाव मिळालं. १९९९ पासून चाललेली ज्यू तरुणांसाठीची तगलितची दहा दिवसांची फुकट इस्राएल सहलही मोठे दानशूर, तिथलं सरकार आणि जगभरच्या ज्यू संस्था यांच्या पैशावर चालते. असल्या गोष्टी वर्गणीतून होत नसतात.

कायद्याची अडचण तुम्हाला माहीत असेलच. परदेशी निधी घ्यायला नोंदणी लागते, आणि तीन वर्षांत १५ लाख खर्च केल्याचं दाखवल्याशिवाय ती सहसा मिळत नाही. एवढा खर्च आमच्या मशिदीने छत दुरुस्त करतानाही केला नव्हता. त्यात २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्थाही तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणून पैसा तुमच्या हाती येतच नाही, मोठी संस्था स्वतःच खर्च करते आणि तुम्ही पोरं पाठवता. इस्राएलमधल्या अश्दोदच्या मामाला वाटतं, भाच्यांच्या वर्गासाठी पाचशे शेकेल पाठवले तर काय बिघडलं? मामाकडे इस्राएली पासपोर्ट आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी तोही परदेशी. हे त्याला फोनवर समजावताना माझं अर्धं कार्ड संपलं. तरी हे सगळं मी सहन केलं असतं.

मला नडला तो वयाचा रकाना. आमच्या कार्यक्रमाला वयोगट होता १३ ते १७, आणि किमान दहा मुलं. आमच्याकडे येत होती चौदा, पण सात वर्षांपासून एकोणीसपर्यंत. वयोगटात बसणारी सहाच. मोठ्या शहरातल्या माणसाला वाटतं, मग लहानांचा वेगळा वर्ग घ्या. अहो, कोण घेणार? एक बहीण होती चौदाची, तिचा भाऊ दहाचा. दोघं दोन स्टेशनं सोडून यायची, आई दोघांना एकत्र गाडीत बसवून द्यायची. भावाला बंदी झाली तशी बहीणही यायची थांबली. दुसऱ्या आठवड्यात तिची मैत्रीण थांबली. हजेरीत तेराच्या खालचं नाव दिसलं की मेल यायचा, फार सभ्य भाषेत. समन्वयक बिचारा चांगला माणूस, त्याचं म्हणणं एकच: नियम वरून आलेत.

आणि मला कळेना, बार मित्झ्वा, म्हणजे मुलगा धर्माच्या लेखी सज्ञान झाल्याचा विधी, तेराव्या वर्षी असतो. अक्षरं, नेकुद म्हणजे स्वरखुणा, तोरा या आपल्या धर्मग्रंथाच्या वाचनाचा सूर हे सगळं त्याआधी व्हायला हवं. म्हणजे ज्या वयात गरज संपत येते, नेमका त्याच वयापासून निधी सुरू. कमिटीत एकाने सुचवलं, ‘दहाचे तेरा लिहा, कोण बघायला येतंय?’ कुणी हसलं नाही. तोरा शिकवायच्या वर्गाची पहिली ओळ खोटी लिहायची? त्या रात्री आम्ही गबाईंच्या, म्हणजे मशिदीच्या खजिनदारांच्या, वहीत नवीन खातं उघडलं.

वर्गणीचं आमचं गणित साधं आहे. सिम्हा तोराला, म्हणजे तोराचं वर्षाचं वाचन पुरं होतं त्या सणाला, हेखाल (तोरा ठेवायचं कपाट) उघडण्याचा, सेफेर (तोराची गुंडाळी) उचलण्याचा मान बोलीवर जातो. त्यातला ठरावीक हिस्सा मुलांच्या खात्यात. कुणाचा नवस फिटला, घरी मलिदा (गोड पोह्यांचा आभाराचा विधी) झाला, की एक पाकीट येतं. शिवाय जमेल त्या घरातून महिन्याला थोडं थोडं. दोन हजारांच्या वरची रक्कम आम्ही बँकेतूनच घेतो. रोख दिली तर देणाऱ्याला करात सूट मिळत नाही, आणि मागाहून तो आपल्यालाच बोलतो.

यात त्रास नाही असं नाही. ज्याने बोली जिंकली त्याला अभ्यासक्रमावर मत असतं. एका काकांना वर्गात मराठी किर्तनं हवीत, दुसऱ्यांना निव्वळ हिब्रू हवं. शिक्षकाचं मानधन दोनदा उशिरा दिलं, त्याची मला अजून लाज वाटते. हिशेब महिन्याला ग्रुपवर टाकावा लागतो आणि वड्यांच्या बिलावर चर्चा होते. शिबिर म्हणाल तर एक दिवसाचं, अलिबागच्या बाजूला सागावला, एलियाहू हन्नाबी या आपल्या संदेष्ट्याच्या खडकाच्या ठिकाणी. बस एसटीची. तिथे सात वर्षांची पोरगी एकोणीसच्या पोराच्या खांद्यावर बसलेली होती, आणि कुठल्या वयोगटात कोण, हे विचारायला कुणी नव्हतं.

तुमच्याकडे एकाच वयाची पंधरावीस मुलं असतील, मुंबई जवळ असेल, तर परदेशी निधी नाकारायचं कारण मला तरी दिसत नाही. सहलीला, मोठ्या शिबिराला आम्हीही मोठी मुलं अजून त्यांच्याकडेच पाठवतो. २०१६ मध्ये महाराष्ट्राने आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा त्या योजनांचीही चौकशी करून ठेवायला हरकत नाही. आमच्यापैकी कुणी अजून केलेली नाही. पण दर आठवड्याचा वर्ग असेल, पोरं बोटावर मोजण्याइतकी आणि वेड्यावाकड्या वयाची असतील, तर मी वर्गणीच म्हणेन. वर्गणीने जायचं ठरलं तर मात्र सिम्हा तोराच्या आधी मुकादमांशी, म्हणजे मशिदीच्या प्रमुखांशी, बोला. बोली झाल्यावर हिस्सा मागायला गेलं की पैसा भिंतींच्या रंगाला लागलेला असतो.

तो दहाचा भाऊ आता बाराचा आहे, आपली पाराशा, म्हणजे बार मित्झ्वाला वाचायचा तोराचा भाग, पाठ करतोय. सूर अजून दोन ठिकाणी चुकतो. शिक्षकाचं या महिन्याचं मानधन द्यायचंय, गबाईंना फोन करायला हवा.